निशाणी घागरा

रंगनाथ जमदाडेला देवानं दोनच गोष्टी दिल्या, पण देताना हात आखडता घेतला नाही. एक आवाज आणि दुसरा भाबडेपणा. आवाज असा, की अणदूरच्या वेशीवर त्यानं माइक तोंडाला लावला की हायवेवरच्या एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायचा. आणि भाबडेपणा असा, की आपण ज्याच्या नावानं ओरडलो तो निवडून येतोच, यावर त्याची श्रद्धा. ग्रामपंचायत, सोसायटी, साखर कारखाना, पंचायत समिती. जो कुणी जीप आणि दोन वेळचं मटण देईल त्याच्यासाठी रंगनाथ ओरडायचा. त्याच्या आवाजावर उभे राहिलेल्यांपैकी निम्मे डिपॉझिटसकट बुडाले. रंगनाथच्या ध्यानात राहिले ते उरलेले निम्मे.

असा माणूस दोहात येऊन काय होणार? ड्रायव्हर झाला. एका सल्लागार कंपनीची पांढरी लँड क्रूझर त्याच्या हाताखाली आली आणि त्या आवाजाला काम उरलं ते एवढंच: "यस सर. ओके सर. ट्रॅफिक सर." ढोल वाजवणाऱ्याच्या हातात खुळखुळा दिल्यासारखं. मग तो हौस भागवायचा न्हाणीत. अल मुंतझाच्या मागच्या गल्लीत कंपनीची खोली होती, एका खोलीत चार पलंग. अंगावर पाणी पडलं की आतून सुरू व्हायचं, "मतदार बंधू-भगिनींनो!" आणि बाहेरून साताऱ्याचा एसी मेकॅनिक धनाजी दारावर चप्पल हाणायचा.

"ए भोंग्या, टाकीत पाणी कमी हाय. सभा आटप लेका."

२०१४ च्या उन्हाळ्यात या भोंग्याचं लग्न अडलं होतं. मुलगी पक्की होती. धोंडीराम घोडक्यांची थोरली, सोनम. अडला होता तो नवरदेव. कतारमधून सुट्टीवर बाहेर पडायचं तर आधी सुट्टीला साहेबाची सही, मग देशाबाहेर जायच्या परवानगीला कंपनीची सही, आणि साहेबानं मान हलवल्याशिवाय कंपनी पेन उघडत नसे. दोनदा सुपारी फोडायची तारीख ठरली, दोनदा साहेबाचं प्रोजेक्ट आडवं आलं. तिसऱ्यांदा धोंडीरामचा फोन आला तेव्हा रंगनाथ गाडी पुसत होता.

"काय पाव्हनं, जिवंत हाव न्हवं?"

"हाव मामा."

"दसऱ्याला सुपारी फोडायचीय. नवरा मुलगा पाटावर पाहिजे. पाटावर मोबाइल ठिवून सुपारी फुटत नसती."

"येतो मामा. इन्शाल्ला."

"ते इन्शाल्ला तुझ्या साहेबाला सांग. दसऱ्याला न्हाई आलास तर मी मोकळा. कुवेतचं एक स्थळ हाय. रोज दारात येऊन बसायलंय. चहा पित नसतं, दूध मागतंय."

सोनमशी रंगनाथचं बोलणं झालं होतं ते मोजकंच. तिनं एकदा विचारलं होतं, तिकडं समुद्र हाय का. रंगनाथनं दुसऱ्या दिवशी भर दुपारी किनाऱ्यावरच्या कॉर्निश रस्त्याला गाडी थांबवून समुद्राचा फोटो काढला होता आणि साहेबाची मीटिंग चुकवली होती. त्याबद्दल त्यानं शिव्या खाल्ल्या. फोटोला तिचं उत्तर आलं होतं, "लई निळा हाय." तो मेसेज तो अजून काढून बघायचा. धनाजी म्हणायचा, "त्यात काय वाचतोस रे? तीनच तर शब्द हायत."

तर रंगनाथच्या लग्नाची किल्ली ज्याच्या खिशात होती तो साहेब म्हणजे डग्लस रँकिन. स्कॉटलंडचा. तांबडा, गोल, डोक्यावरचे केस गळून कानांत उगवलेले. अल थुमामाला भिंतीआडच्या वसाहतीत त्याचा व्हिला. मुंबईच्या साइटवर काढलेल्या दोन वर्षांत त्याला जे हिंदी लागलं ते तो घरच्या शिव्यांसारखं मोकळेपणानं वापरायचा. "यल्ला रंगा, जल्दी, जल्दी, हम लेट, तुम गधा." वर प्रत्येक वाक्याला 'आय' लावायचा, म्हणजे त्यांच्याकडचं 'हो'. सुरुवातीचे सहा महिने रंगनाथला वाटायचं की साहेब आपल्याला आईवरून बोलतो, आणि तरीही तो "यस सर" म्हणायचा.

त्या वर्षी सप्टेंबरात स्कॉटलंडनं ब्रिटनमधून फुटून वेगळा देश व्हायचं की नाही, यावर तिकडं सार्वमत होतं. रँकिन अठरा वर्षं घरी फिरकला नव्हता. आई वारली तेव्हासुद्धा त्यानं फुलांचं चक्र मागवलं, तेही ऑनलाइन. पण जूनपासून त्याला मायभूमीचं असं भरतं आलं की काही विचारू नका. लँड क्रूझरच्या मागच्या सीटवर निळे झेंडे आले, पत्रकं आली, रेडिओऐवजी बॅगपाइप लागायला लागले.

"रंगा," एक दिवस विमानतळाच्या सिग्नलवर तो म्हणाला, "माय कंट्री. आझादी. इलेक्शन."

इलेक्शन म्हटल्याबरोबर रंगनाथचा पाय ब्रेकवरून उडाला. मागच्यानं हॉर्न दिला.

"कौन खडा है सर?"

"नोबडी."

"कोई नहीं? बिनविरोध?"

"नहीं, नहीं. एक सवाल है. ओन्ली सवाल. लोग बोलेगा यस, या लोग बोलेगा नो."

रंगनाथनं मनात हिशेब मांडला. उमेदवार नाही, पार्टी नाही, फक्त प्रश्न आणि हो की नाही. मग त्याचं डोकं उजळलं. हे तर देवाला कौल लावणं झालं. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. फरक इतकाच की इथं देवाच्या जागी गाव बसवलंय. पण प्रचाराला एक गोष्ट तरी लागतेच.

"सर, निशाणी क्या है?"

"व्हॉट?"

"निशाणी. सिम्बॉल. घड्याळ, कपबशी, छत्री..."

"नो सिम्बॉल, रंगा. ओन्ली यस."

निशाणी नाही. रंगनाथला साहेबाची कीव आली. बिननिशाणीचा प्रचार म्हणजे बिनमिठाची भाजी. त्या गुरुवारी संध्याकाळी मात्र प्रश्न आपोआप सुटला. व्हिल्यावर मंडळी जमणार होती. रंगनाथ बर्फाच्या पिशव्या घेऊन आत गेला आणि समोरून साहेब आला तो गुडघ्यापर्यंतच्या चौकड्यांच्या घागऱ्यात, तिकडचे पुरुष ज्याला किल्ट म्हणतात त्यात. खाली पांढऱ्या पिंढऱ्या, लोकरीचे मोजे. रंगनाथनं पिशव्या खाली ठेवल्या आणि हात जोडले. निशाणी मिळाली होती.

त्याच संध्याकाळी त्यानं सुट्टीचं काढलं. चुकीची वेळ काढली, म्हणजे त्याच्या हिशेबानं बरोबर काढली: साहेबाच्या हातात तिसरा ग्लास होता आणि भोवती दहा-बारा पाहुणे होते.

"सर, दसरा. मेरा शादी का फिक्सिंग. एक हप्ता छुट्टी."

रँकिननं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि पाहुण्यांकडे वळून भाषण ठोकलं. "लेडीज अँड जंटलमन, रंगा वॉन्ट्स फ्रीडम! आय से, द डे यस विन्स, आय साइन. सेम डे! फ्रीडम फॉर स्कॉटलंड, फ्रीडम फॉर रंगा!"

पाहुण्यांनी ग्लास वर केले. एक बाई म्हणाली, "ओ, हाउ लव्हली." त्यांच्यासाठी तो चखणा होता, रंगनाथसाठी दिलेला शब्द.

"और हारा तो सर?"

"हम हारेगा नहीं."

खोलीवर परतल्यावर त्यानं धनाजीला सगळं सांगितलं. धनाजी पाय खाजवत ऐकत होता.

"म्हंजी तुझं लग्न आता स्कॉटलंडच्या मतांवर हाय?"

"हाव."

"रंग्या, तुझ्यापेक्षा ते कुवेतवालं बरं लेका. निदान दूध पितंय."

पण रंगनाथ कामाला लागला होता. साइटवर कामगारांना सूचना द्यायचा हातभोंगा त्यानं गाडीत आणून ठेवला. रस्त्यावर तो वाजवायची सोय नव्हती. दोहाच्या रस्त्यावर कुठल्याही देशाची घोषणा देणारा दुसऱ्या दिवशी कुठे असेल हे सांगता येत नाही, हे रँकिनलाही कळत होतं. व्हिल्याच्या बंद दारामागे मात्र मुभा होती. दर गुरुवारी, जेवणं झाली की साहेब टाळी वाजवायचा. "रंगा, डू द थिंग."

आणि रंगनाथ गालिच्यावर मधोमध उभा राहून भोंगा तोंडाला लावायचा.

"येऊन येऊन येणार कोण? यसशिवाय हायच कोण! ताई, माई, अक्का, घागऱ्यावर मारा शिक्का! स्कॉटलंडचे लाडके, कर्तव्यदक्ष, दमदार, कामदार, डग्लससाहेब रँकिन यांच्या घागरा या निशाणीसमोरील बटन दाबून..."

झुंबर थरथरायचं. पाहुणे हसून लोळायचे, मोबाइलवर चित्रीकरण करायचे, "अगेन, अगेन" म्हणायचे. एकानं टेबलावरचा निळा झेंडा घेऊन त्याच्या गळ्यात बांधला, पाळलेल्या कुत्र्याला रुमाल बांधतात तसा. एका बाईनं त्याला हातानं सँडविच भरवलं आणि त्याचाही फोटो काढला. रंगनाथला वाटलं, वातावरण चांगलं आहे. गावाकडेसुद्धा सभेत लोक हसले की मतं येतात, गप्प राहिले की धोका.

पण त्याला ठाऊक होतं की सभेतली टाळी म्हणजे मत नव्हे. टाळी वाजवून माणूस दुसऱ्याच्या जीपमधून मतदानाला जातो. त्यावर अणदूरला एकच उपाय होता. घरोघर जायचं, खंडोबाचा भंडारा पुढे करायचा आणि मतदाराला तो उचलायला लावायचा. भंडारा उचलून जो फिरला त्याच्या घरावर देवाचा कोप. आयुष्यभर विकला गेलेला माणूससुद्धा भंडारा उचलला की एका निवडणुकीपुरता सरळ चालायचा. रंगनाथच्या पेटीत खंडोबाच्या देवळातली हळदीची पुरचुंडी होती, आईनं निघताना दिलेली. ती त्यानं शर्टाच्या खिशात घातली.

योग असा की साहेबच त्याला स्कॉटिश घरांतून पत्रकं आणि बिस्किटांचे डबे वाटायला पाठवायचा. अल थुमामा, ओल्ड एअरपोर्ट, असल्या वस्त्यांत. दार उघडलं की रंगनाथ डबा द्यायचा आणि डबा हातात पडला की पुरचुंडी पुढे करायचा.

"मॅडम, टच. गॉड. प्रॉमिस. यस."

गोरी माणसं भेटवस्तूला नाही म्हणत नाहीत. कुणी बोट लावलं, कुणी नाकाला नेऊन शिंकलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हळद! गुडघ्यांना चांगली," आणि पायमोजा खाली करून गुडघ्याला चोळली. ओल्ड एअरपोर्टच्या एका बाईच्या हातात त्या वेळी पातेलं होतं. तिनं चिमूटभर भंडारा घेतला, रंगनाथच्या डोळ्यांदेखत भातात घातला आणि वर "यस, यस, थँक यू" म्हणाली. रंगनाथ खाली येऊन गाडीत बसला तेव्हा त्याला भरून आलं होतं. हिची शपथ तर पोटात गेली. ही आता मेली तरी फिरणार नाही.

फक्त एकाच दारावर त्यानं बेल दाबायच्या आधी शर्ट सारखा केला. ग्रँटसाहेब. कंपनीच्या पैशाअडक्याचा मुख्य, रँकिनच्याही वरचा, हाही स्कॉटलंडचाच, पण 'नो'वाला. रँकिन त्याला मागं 'तो गद्दार' म्हणायचा आणि समोर 'सर' म्हणायचा. ग्रँट लांबट, फिकट, आवाज असा की थंड चमचा गालाला लागावा. त्यानं पुरचुंडीकडे पाहिलं, रंगनाथच्या गळ्यातल्या झेंड्याकडे पाहिलं.

"आणि हे उचललं की काय होतं?"

"फिर यस देना पडता है सर. नहीं तो गॉड..." रंगनाथनं मानेवरून बोट फिरवलं.

ग्रँटनं दोन बोटांत भंडारा उचलला, सावकाश कपाळाला लावला, "यस" म्हणाला आणि दार लावून घेतलं. आतून जे ऐकू आलं ते खोकणं आहे असं रंगनाथला वाटलं. विरोधकाचा खंदा माणूस फोडला होता. त्या दिवशी त्यानं स्वतःसाठी कबाब घेतला.

या मोहिमेचा अहवाल तो रोज द्यायचा इग्नेशियस तुस्कानोला. इग्नेशियस वसईचा, ऑफिसातला जुना अ‍ॅडमिन. पासपोर्ट, तिकीट, परवानगी, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. बोलायला गोड. वाढदिवसाला केक तोच आणायचा आणि कुणाचा व्हिसा रद्द झाला तर ती बातमीही तोच द्यायचा, तितक्याच गोडीनं.

"काय मॅन रंगनाथ, तुजा स्कॉटलंड कुठपर्यंत आला?"

"एकतर्फी हाय सर. ग्रँटसायबानं पण भंडारा उचलला."

"काय सांगतो? ग्रँटने? मग झालाच की." इग्नेशियसनं आवाज खाली घेतला. "पण मी ऐकतो, ओल्ड एअरपोर्टची मतं हलायला लागलीत. जरा बघून घे हां."

सप्टेंबरचा दमट उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला, ड्यूटी संपल्यावर स्वतःचा वेळ. आणि रंगनाथ पुन्हा त्याच दारांवर पुरचुंडी घेऊन. भातवाल्या बाईनं या खेपेला दार उघडलं नाही, फटीतून दहा रियाल सरकवले. त्यानं ते परत सरकवले. बाईला वाटलं, कमी पडले.

घरी जेवताना इग्नेशियस बायकोला, लिझीला, हे सगळं करून दाखवायचा. लिझी इस्पितळात नर्स होती, दिवसभर उभी राहून आलेली, आणि तरी तिला हसू आवरायचं नाही. इग्नेशियस चमचा भोंग्यासारखा धरून, बेंबीपासून आवाज काढून, "घागऱ्यावर मारा शिक्का" म्हणायचा.

"पण खरंच जिंकतील का रे ते?" लिझीनं एकदा विचारलं.

"ते मला काय माहीत. पण हे दोहावाले कोणीच मत देणार नाहीत."

"म्हणजे?"

"अगो, मत फक्त तिकडे स्कॉटलंडात राहणाऱ्याला. रँकिनला नाही, ग्रँटला नाही, त्या भातवालीला नाही. कोणालाच नाही. हा सगळा रिकाम्या पेटीसाठी प्रचार."

लिझी घास हातात धरून थांबली. "मग सांग ना त्याला. गरीब माणूस आहे."

"सांगतो ना. आधी निकाल तर लागू दे."

मत द्यायला जाताना आजवर कुणी दिसलं नाही, ही शंका धनाजीनंही काढली होती. "लेका, तुझ्या गोऱ्यांचं बूथ कुठाय? रांग कुठाय?" रंगनाथकडे उत्तर तयार होतं. "पोस्टानं गेली मतं. इग्नेशियससर म्हनले." धनाजीनं कूस बदलली. इग्नेशियससर म्हणाले म्हटल्यावर पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

शुक्रवार उजाडला. निकालाचा दिवस आणि सुट्टीचाही. रँकिनच्या व्हिल्यात पहाटेपासून टीव्ही चालू, पडदे ओढलेले. रंगनाथला हुकूम होता की नऊला गाडी घेऊन ये, पाहुण्यांना घरी सोडायचंय. तो आठलाच वसाहतीच्या फाटकाशी येऊन थांबला. आदल्या दिवशी मुंतझाच्या किराणा दुकानातून गणपतीत उरलेला गुलाल त्यानं आणला होता, दुकानात होता नव्हता तेवढा. पुढच्या सीटवर गुलाल, मागे भोंगा, डोक्याला फेटा. सोनमचा समुद्रावरचा मेसेज एकदा वाचून झाला. मग फोन वाजला.

पलीकडे इग्नेशियस आपल्या गॅलरीत चहा घेऊन उभा होता. आत टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं: 'नो' जिंकलं होतं.

"रंगनाथ," तो म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स, मॅन. आला तुजा स्कॉटलंड."

"आला?"

"आला म्हणजे? दणक्यात आला. साहेब आत वाट बघतो. जा, घाल मिरवणूक."

लिझी आतून ओरडली, "इग्गी, नको रे." त्यानं हातानंच तिला गप्प केलं. हसू दाबताना त्याचं पोट हलत होतं.

रंगनाथनं आधी स्टिअरिंगला डोकं टेकवलं. मग दोन्ही आरशांना झेंडे बांधले, इंडिकेटर लावले आणि गाडी माणसाच्या चालीनं फाटकातून आत घेतली. फाटकावरच्या रमीज नावाच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "शादी है क्या भाई?" रंगनाथ म्हणाला, "शादी भी है, आझादी भी है," आणि त्याच्या दाढीत गुलाल भरला. वसाहतीच्या गल्लीतून, पोहण्याच्या तळ्याला वळसा घालून, झाडलोट करणाऱ्या माणसांवर गुलाल उधळत मिरवणूक निघाली. मिरवणुकीत माणूस एकच.

"आला रे आला! घागरा आला! येऊन येऊन येणार कोण!"

आत अंधार होता. सोफ्यावर, गालिच्यावर माणसं बसलेली, कुणी कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून. रँकिन मधोमध, घागऱ्यात, तोंडावर रात्री रंगवलेली झेंड्याची निळी-पांढरी फुली डोळ्यांतल्या पाण्यानं हनुवटीपर्यंत ओघळलेली. शेजारी ग्रँट. तो सकाळी सांत्वनाला आला होता, बरोबर डोनटचा डबा घेऊन. जिंकलेल्यानं दुखवट्याला जावं तसा चेहरा करून बसला होता.

दार उघडलं. उजेडाबरोबर रंगनाथ आत आला. पहिली मूठ साहेबाच्या टकलावर, दुसरी डोनटवर, तिसरी टीव्हीवर. रडणारी माणसं रंगनाथनं आजवर पुष्कळ पाहिली होती. निवडून आलेला माणूस रडतोच. त्यानं भोंगा बाजूला ठेवला आणि जे गावाकडे प्रत्येक विजयी उमेदवाराचं करतात तेच केलं. खाली वाकला, साहेबाच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये मान घातली आणि त्याला खांद्यावर उचललं.

पँटवाला उमेदवार खांद्यावर बसतो. घागरेवाला उमेदवार बसत नाही. घागरा रंगनाथच्या तोंडावर पडला, त्याला दिसेना, तो आंधळ्यासारखा गोल फिरला, साहेब मागच्या मागे झुकला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला, बायकांसकट, जे बघायला मिळालं ते बघायची कुणाचीच इच्छा नव्हती. फक्त ग्रँटचा मोबाइल वर होता.

साहेब धप्पकन गालिच्यावर पडला. बॅगपाइपचं गाणं कुठूनसं चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. रँकिन गालिच्यावरून उठला, घागरा सारखा केला आणि ग्रँटकडे बघितलं.

"हे तुझं काम?"

ग्रँटच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आय ओन्ली लिफ्टेड द हळद, डग," तो कसाबसा म्हणाला. "बट ही इज अ ग्रेट ड्रायव्हर. ग्रेट."

म्हणजे हरलेल्याच्या घरी, हरलेल्याचाच ड्रायव्हर पाठवून, जिंकलेल्यानं गुलाल उधळला. रँकिनला तरी तसंच दिसलं, आणि समोर उभ्या असलेल्या लाल-लाल, हसऱ्या माणसाकडे बघून दुसरं काही वाटायला जागाही नव्हती.

"गेट आउट," रँकिन म्हणाला.

रंगनाथनं खोलीभर बघितलं. काहीतरी चुकलं होतं, ते त्याला आता उमगत होतं. पण शब्द तो शब्द. त्यानं फेटा काढून हातात घेतला.

"सर, मेरा साइन?"

सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

"ओ, आय विल साइन," रँकिन अगदी हळू म्हणाला. "आय विल साइन, रंगा."

आणि केली. रविवारी ऑफिस उघडल्याबरोबर. नोकरी रद्द, देशाबाहेर जायची परवानगी मंजूर, दोन्ही सह्या एका दमात. ज्या सहीसाठी माणसं वर्षवर्ष साहेबांचे बूट बघत उभी राहतात ती रंगनाथला चहा निवायच्या आत मिळाली.

"लकी आहेस तू, मॅन," इग्नेशियसनं पासपोर्ट टेबलावर ठेवला. "दसऱ्याच्या आत घरी. विंडो सीट सांगितलीय मी तुझ्यासाठी."

"सर, तुमी तर म्हनलात की जिंकला."

"अरे, मस्करी. शुक्रवार होता ना."

रंगनाथनं मान खाली घातली. कानामागे गुलाल अजून होता. मग त्यानं विचारलं, "सगळ्यांनी भंडारा उचलला होता. कोन फिरलं सर?"

आता मात्र इग्नेशियसला राहवेना. "कोण नाय फिरला. त्यांच्यातल्या एकालाही मतच नव्हतं, रंगनाथ. मत तिकडे राहणाऱ्याला. इथल्या कोणालाच नाय."

रंगनाथ हसेल, रडेल, शिवी देईल, याची इग्नेशियस वाट बघत होता. रात्री लिझीला करून दाखवायला शेवट चांगला हवा होता. पण रंगनाथचा चेहरा मोकळा झाला.

"मग कुणाच्या घरावर कोप न्हाई," तो म्हणाला. "मला त्या भातवाल्या बाईची लई काळजी लागली होती."

रात्री इग्नेशियसनं हे हुबेहूब करून दाखवलं, मराठवाडी हेलासकट. लिझी हसली नाही. "भाजीत मीठ नाही," म्हणाली आणि उठून आत गेली.

अणदूरला रंगनाथ पोचला तो दसऱ्याच्या चांगला आधी. धोंडीरामनं अंगणात खाट टाकली, पाणी दिलं, सोनमनं दाराआडून बघितलं. त्यानं तिच्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात समुद्राचे शिंपले आणले होते.

"किती दिवसाची सुट्टी?" धोंडीरामनं विचारलं.

"सुट्टी न्हाई मामा. आलो आता. कायमचा."

धोंडीरामनं तंबाखू मळायची थांबवली. मग परत मळायला लागला.

"मी पोरगी रंगनाथला कुठं दिली होती," तो म्हणाला. "मी दिली होती दोहाला."

दसऱ्याला सुपारी फुटली ती कुवेतच्या पाटावर. मांडव मोठा, पाहुणे दोन तालुक्यांतले, आणि ऐन वेळी घोटाळा झाला तो एकच: माइकवर बोलायला माणूस नाही. विधानसभेचं इलेक्शन तोंडावर आलेलं, तालुक्यातला एकूण एक आवाज जीपमध्ये बसून गेलेला. धोंडीरामनं रंगनाथच्या घरी निरोप धाडला. राग मनात ठेवू नको, पाहुण्यांची नावं तेवढी पुकार, तुझ्यासारखं दुसरं कोण हाय.

रंगनाथ गेला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला. माइक हातात घेतला, फुंकर मारली, आणि त्याचं त्यालाही ठाऊक नसताना तो आवाज आला, तीन वर्षं न्हाणीत कोंडलेला. अमुक गावचे माजी सरपंच आलेत, त्यांचं सहर्ष स्वागत. तमुक सोसायटीचे चेअरमन आलेत, त्यांनी पुढं यावं. कुवेतहून खास विमानानं आलेले नवरदेव, शांत, संयमी, निर्व्यसनी. मांडव खूश झाला. पाटावर बसलेल्या मुलानं कॉलर नीट केली. पोरं पुढे येऊन बसली. कुणीतरी ओरडलं, "दोहाचं म्हन की रं भोंग्या, ते घागऱ्याचं!"

दोहाची गोष्ट गावात त्याच्याआधीच विमानातून उतरली होती. ग्रँटनं काढलेला व्हिडिओ दोहाभर फिरला होता, आणि धनाजीनं तो पुढं पाठवला होता.

रंगनाथनं माइकची वायर सारखी केली. मग सवयीनं, किंवा काय कोण जाणे, त्यानं माइक तोंडाजवळ घेतला.

"येऊन येऊन येणार कोण?"

आणि सगळा मांडव एका आवाजात, पोरंबाळं, म्हातारी, धोंडीरामसुद्धा:

"कुवेतशिवाय हायच कोण!"

सोनमनं पदर तोंडाला लावला. तीही हसत होती.